नाक काय अलिबागहून आलंय?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून तासभर आधी सटकायचं. भाऊच्या धक्क्यावर रो-रो फेरीत गाडी चढवायची, डेकवर उभं राहून वारा खायचा, तासाभरात मांडवा. मग किहीम, आक्षी, नागाव, काशीद, जिथे बुकिंग मिळेल तिथे. शनिवारी समुद्र, दुपारी सुरमई, संध्याकाळी बंगल्यातला पूल, रात्री एसी अठरावर. थंडीचे दिवस असतील तर शेकोटी आणि वालाच्या शेंगांची पोपटी. रविवारी रात्री परत. आणि सोमवारी सकाळी बॉसला मेसेज : ‘सर, सायनस झालाय. आज घरून काम करते.’

ओळखीचं वाटतंय ना? मलाही वाटतं, कारण हा मेसेज मी स्वतः किमान चार वेळा पाठवलाय!

आता एक गंमत सांगू? सायनस कुणाला ‘होत’ नसतो. तो असतोच. माझ्याकडे आहे, तुमच्याकडे आहे, बॉसकडेही आहे. जन्माला येताना काही छोटे सायनस आपण घेऊनच येतो आणि वयात येईपर्यंत बाकीचे पुरे होतात. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. त्यांना सूज आली की त्याला म्हणायचं सायनुसायटिस. त्यामुळे ‘मला सायनस झालाय’ म्हणणं म्हणजे ‘मला गुडघा झालाय’ म्हणण्यासारखं आहे. बॉसला चालतं, पण आपल्याला आपलं नाक कळायचं असेल तर चालत नाही.

कारण बंद नाकामागे सहा-सात वेगवेगळी कारणं असू शकतात. त्यातली बहुतेक आपली आपण बरी होतात. आणि एक असं आहे की त्यात दिवस नाही, तास मोजावे लागतात. आपली गंमत अशी, की जे आपोआप जाणार असतं त्यासाठी आपण औषधांचं दुकान घरी आणतो, आणि जिथे धावायला हवं तिथे ‘बघू उद्या’ म्हणतो.

टाकीचा नळ वरती!

आधी थोडं प्लम्बिंग समजून घेऊ. सायनसच्या चार जोड्या असतात. गालांमागे सगळ्यात मोठी, कपाळात एक, दोन डोळ्यांच्या मध्ये बारीक बारीक खोल्यांची चाळच, आणि पार मागे, कवटीच्या तळाशी एक. या सगळ्यांना आतून ओलसर अस्तर असतं. नाक आणि सायनस मिळून रोज साधारण लिटरभर पातळ चिकट द्रव तयार करतात. धूळ, जंतू, बुरशीचे कण त्यात अडकतात आणि अस्तरावरची सूक्ष्म लव एका तालात हलत तो सगळा माल घशाकडे ढकलते. आपण तो नकळत गिळतो. ई... वाटलं ना? पण हीच आपली चोवीस तासांची हाउसकीपिंग.

गोची आहे ती गालाच्या सायनसमध्ये. त्याचं नाकात उघडणारं तोंड तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. म्हणजे टाकीचा नळ वरती बसवलाय! पाणी बाहेर काढायचं तर त्या लवेला चढावर ढकलत न्यावं लागतं. सर्दीने अस्तर सुजलं, की ते चिमुकलं तोंड बंद. माल आत तुंबतो, गाल जड होतात, वाकलं की ठणकतं. बाकी सगळी रामकहाणी इथून सुरू होते.

पाच दिवसांचा कोर्स आणि माझा गाढवपणा

सोमवारचं ते नाक बहुतेक वेळा व्हायरसचं काम असतं. अलिबागच्या वाऱ्याचं नाही, पुलाचंही नाही. फेरीत शेजारी शिंकणारा, गाडीत चार तास काचा बंद करून बसलेले आपण पाच जण, हे खरे आरोपी. मोठ्या माणसाच्या साध्या सर्दीनंतर जिवाणूंचा सायनुसायटिस होण्याचं प्रमाण शंभरात फार तर दोन, असं वैद्यकीय पुस्तकं सांगतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांना अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. कारण ते व्हायरसला मारतच नाही.

मग डॉक्टर जिवाणू कसा ओळखतात? शेंबडाच्या रंगावरून नाही बरं का! हिरवा-पिवळा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या रसायनामुळे. त्या लढल्या, एवढंच तो सांगतो. कुणाशी लढल्या ते सांगत नाही. खरा घोटाळा ओळखायच्या खुणा तीन. एक, दहा दिवस झाले तरी रतीभर सुधारणा नाही. दोन, पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटलं आणि मग पुन्हा ताप, पुन्हा ठणका, म्हणजे आजार उलटला. तीन, सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस सडकून ताप, गाल ठणकतोय आणि नाकातून पू. असं असेल तर न्यूमोकॉकस, हिमोफिलस वगैरे मंडळी आत शिरलेली असू शकतात. मग डॉक्टर सांगतील ते अँटिबायोटिक, सांगतील तितके दिवस.

मी काय केलं होतं? तिसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. ‘काका, सायनससाठी काहीतरी स्ट्राँग द्या. प्रेझेंटेशन आहे.’ एक अँटिबायोटिक आणि नाकात टाकायचे थेंब घेऊन आले. थेंब तर जादूच! दोन मिनिटांत नाक मोकळं. मग दर तीन तासांनी थेंब. पर्समध्ये एक बाटली, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक, उशीखाली एक. तीन आठवडे झाले तरी नाक बंद ते बंदच.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि विचारलं, ‘थेंब किती दिवस टाकताय?’ मी आकडा सांगितला. ते हसले. म्हणाले, ‘सर्दी केव्हाच गेली. आता थेंबांचीच सर्दी आहे.’ झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन या औषधांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात. असर उतरला की त्या आणखी फुगतात. पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. म्हणून या थेंबांची मुदत तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे ते व्यसन. मला ते सोडवायला दोन आठवडे लागले. मंडळी, सिगारेट सोडणारे सहकारी माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते!

डोकं नक्की कशाने दुखतंय?

अजून एक घोळ. दर महिन्याला ‘सायनसचं डोकं’ दुखणारे आपल्या ऑफिसात किती जण आहेत ते मोजा. २००४ मध्ये अमेरिकेत अशा जवळपास तीन हजार लोकांची तपासणी झाली, ज्यांना खात्री होती की आपलं डोकं सायनसनेच दुखतं. त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या निकषांत बसत होतं! मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांत पाणी येतं, गाल जड वाटतात. म्हणून गल्लत होते. ताप नाही, पू नाही, पण उजेड सहन होत नाही, मळमळतं, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं? मग वाफारे घेऊन उपयोग नाही. मायग्रेनचे उपचार वेगळे असतात आणि ते चांगले असतात.

बंद बंगल्यातली ओल

आता येऊ बुरशीकडे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला बुरशी नवी नाही. जून ते सप्टेंबर चपला हिरव्या होतात, कपाटातल्या बेल्टला पांढरी लव धरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं तेव्हा हजारो घरांची कौलं-पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि त्याच महिन्यात पाऊस सुरू झाला. भिजलेल्या गाद्या, भिजलेल्या भिंती, कुजणारा पालापाचोळा. बुरशीला याहून चांगलं हॉटेल कुठलं?

पण घाबरू नका. बुरशीचे बीजाणू आपण रोज शेकड्यांनी हुंगतो. मुंबईत, पुण्यात, वाडीत, मॉलमध्ये. धडधाकट नाक त्यांना गिळून मोकळं होतं. त्रास होतो तो दोन प्रकारे.

पहिला प्रकार बुरशीच्या गोळ्याचा. एकाच सायनसमध्ये, बहुतेक गालाच्या, बुरशी लोकरीच्या गुंड्यासारखी साठत जाते. ती आजूबाजूला घुसत नाही, नुसती बसून राहते. एकाच बाजूचं नाक वाहतं, घाण वास येतो, महिनोन्‌महिने. छोट्या ऑपरेशनने गोळा काढला की विषय संपला. इथे एक टीप : एकाच बाजूचा वास आणि पू म्हटलं की दाताच्या डॉक्टरांनाही विचारा. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसला अगदी खेटून असतात. किडलेली दाढ वर पू पाठवते आणि आपण खाली अँटिबायोटिक गिळत बसतो.

दुसरा प्रकार अॅलर्जीचा, आणि तो नेमका आपल्या वयाच्या लोकांना, उष्ण-दमट हवेत जास्त दिसतो. इथे बुरशी हल्ला करत नाही. आपलंच शरीर तिच्या नुसत्या असण्यावर भडकतं. नाकात द्राक्षाच्या घडासारखे मऊ कोंब येतात, त्यांना पॉलिप म्हणतात. सायनसमध्ये पीनट बटरसारखा घट्ट चिकट माल भरतो. आणि हळूहळू वास जातो. कॉफीचा, पहिल्या पावसाचा, तळलेल्या बोंबलाचा! वास गेलाय हे अनेकांना सहा महिने कळतही नाही, कारण दुखत काहीच नसतं. सीटी स्कॅन, दुर्बिणीतून ऑपरेशन आणि त्यानंतर महिनोन्‌महिने नाकातला स्टेरॉइड स्प्रे आणि सलाइनने धुणं, असा हा लांबचा कार्यक्रम आहे. मधेच सोडला तर पॉलिप पुन्हा हजर.

त्यामुळे बंगला बुक करताना पुलाचा फोटो बघता तसं पोचल्यावर भिंतीकडेही बघा. कोंदट वास आला तर एसी लावण्याआधी अर्धा तास खिडक्या उघडा. दम्याचा किंवा अॅलर्जीचा त्रास असेल तर काळे डाग पडलेल्या भिंतीशेजारचा पलंग मित्राला द्या. मैत्री टिकेल, नाकही टिकेल.

बाव, तळं आणि तांब्याभर पाणी

रायगडच्या किनाऱ्याचं खरं वैभव समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात आहे असं माझं मत. नागाव-चौलच्या वाड्यांमधल्या बावी, गावोगावची देवळाशेजारची तळी. उन्हातून आल्यावर त्यात सूर मारायचा मोह होणारच.

नाकाच्या डॉक्टरांना मात्र साचलेल्या गोड्या पाण्यावरून एक विचित्र आजार आठवतो : ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. नाव घेताना जीभ अडखळते, पण हा आजार आपल्या घरचाच आहे. जगातले बहुतेक रुग्ण भारत आणि श्रीलंकेतले. नाकात स्ट्रॉबेरीसारखा लालबुंद, वर पांढरे ठिपके असलेला कोंब येतो आणि जरा धक्का लागला की भळाभळा रक्त. १९०० साली ब्यूनस आयर्समध्ये गिलेर्मो सेबेर यांनी त्याचं वर्णन केलं. जवळजवळ शंभर वर्षं सगळे त्याला बुरशी समजत होते. १९९०च्या दशकात जनुकं तपासली तेव्हा कळलं, ही बुरशी नाहीच! माशांना त्रास देणाऱ्या सूक्ष्म परजीवींचा हा भाऊबंद निघाला. आजवर प्रयोगशाळेत त्याला नीट वाढवता आलेलं नाही.

यातला मराठी धागा पुण्याचा आहे. १९३३ मध्ये नोरोन्हा नावाच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या वाळू काढणाऱ्या मजुरांमध्ये हा आजार आढळतो असं लिहिलं. १९३७ मध्ये मांडलिक यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये तो कसा लागत असावा यावर निरीक्षणं मांडली. नदीत दिवसभर उतरून काम, वाळूच्या कणांनी नाकात बारीक ओरखडे, आणि त्यातून जंतूचा शिरकाव, असा तर्क पुढे रुळला. आपल्या इमारती ज्या वाळूवर उभ्या राहिल्या ती काढणाऱ्यांनी नाकाने किंमत मोजली, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. हातपाटीच्या वाळूची बातमी पेपरात आपण लिलाव आणि दंडाच्या आकड्यांसाठी वाचतो. पाण्यात बुडी मारून पाटी भरणारा माणूस त्यात नसतो.

वीकएंडला एक बुडी मारणाऱ्याला हा आजार होण्याची शक्यता फार कमी. एकमेकांपासून तो लागत नाही. उपाय म्हणजे ऑपरेशन करून कोंब मुळापासून काढून ती जागा जाळणं. पुन्हा उगवतो, म्हणून तपासणी चालू ठेवायची. तुम्ही एवढंच करा : एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल तर ‘उष्णता झाली’ म्हणून कांद्याचा वास घेत बसू नका. दाखवा.

पाण्यावरून जलनेती आठवली. योगा क्लासमुळे ती आता आपल्या बाथरूममध्ये आलीय, आणि ती चांगलीच आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा जुन्या सायनुसायटिसवरचा उत्तम, स्वस्त उपाय डॉक्टरही सांगतात. फक्त पाणी नळाचं नको, बावीचं तर अजिबात नको. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरलेल्या दोघांचा मृत्यू झाला. कारण होतं नेग्लेरिया नावाचा अमीबा. कोमट गोड्या पाण्यात तो राहतो. प्यायल्याने काही होत नाही, पण नाकातून वर चढला तर थेट मेंदूत. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे होणाऱ्या अशा मेंदूज्वराच्या रुग्णांनी सगळ्यांची झोप उडवली होती. आजार अतिशय दुर्मीळ, पण जडला तर क्वचितच कुणी वाचतं. म्हणून नेतीला पाणी खळखळून उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड. भांडं रोज धुऊन, कोरडं करून ठेवायचं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा अमीबा जगत नाही. म्हणजे काशीदच्या लाटा नाकातोंडात गेल्या तर फक्त ठसका!

२०२१ : ते काळं वर्ष

आता तो आजार, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये कोविडची दुसरी लाट चालू होती. ऑक्सिजनची धावपळ संपून घरी आलेल्या माणसांचा अर्धा चेहरा दुखू लागला. डोळा सुजला. दात हलू लागले. म्युकरमायकोसिस. टीव्हीवाल्यांनी नाव दिलं ब्लॅक फंगस. खरं तर ती बुरशी काळी नसते. शिळ्या पावावर येणाऱ्या बुरशीच्या कुळातली ती, माती आणि कुजक्या पाल्यात सगळीकडे असलेली. माणसातल्या या रोगाचं पहिलं वर्णन १८८५चं, पाल्टाउफ यांनी केलेलं. काळं पडतं ते आपलं शरीर. ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, रक्त गोठवते, आणि रक्त न मिळालेला भाग मरतो. नाक, टाळू, डोळा, मग मेंदू.

२० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करायला सांगितलं. २८ जूनला केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी आकडे दिले : देशात ४०,८४५ रुग्ण, त्यातल्या ३१,३४४ जणांच्या नाकापासून डोळ्या-मेंदूपर्यंत आजार, ३,१२९ मृत्यू. सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत गुजरात आणि आपला महाराष्ट्र. रुग्णांपैकी ६४ टक्क्यांना मधुमेह होता, जवळपास ५३ टक्क्यांना स्टेरॉइड मिळालेली होती. आणि हे वाचून दचका : ३२ टक्के रुग्ण १८ ते ४५ वयाचे होते. आपल्याच वयाचे.

औषध होतं, पण मिळत नव्हतं. अँफोटेरिसिन बी. १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. म्हणजे मातीतल्या बुरशीवरचा उतारा मातीतूनच आलेला. त्याचा हिशेब सोपा आहे, आणि भयंकर आहे. लायपोसोमल प्रकारातलं औषध किलोमागे पाच मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला तीनशे मिलिग्रॅम. एका कुपीत पन्नास. म्हणजे रोज सहा कुप्या, आणि उपचार काही आठवड्यांचे. दोन आठवडे धरले तरी चौऱ्याऐंशी कुप्या, एका माणसाला! त्या मे महिन्यात आपले व्हॉट्सअॅप ग्रुप याच एका नावाने भरले होते. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने त्याच सुमारास उत्पादन सुरू केलं, राज्य सरकारने उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घेतले. तरीही नुसतं औषध पुरत नाही. मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावाच लागतो. कधी जबडा, कधी डोळा.

म्युकर का माजतो? त्याला तीन गोष्टी आवडतात : रक्तातली वाढलेली साखर, त्यातून आलेली आम्लता, आणि दबलेली प्रतिकारशक्ती. स्टेरॉइड साखर वाढवतं आणि प्रतिकारशक्ती दाबतं. कोविडमध्ये योग्य वेळी, योग्य प्रमाणात दिलेल्या स्टेरॉइडने लोकांचे जीव वाचले हेही खरं. पण शेजाऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवरून, घरी, साखर न मोजता घेतलेल्या गोळ्या हा वेगळा विषय. आणि हा आजार कोविडबरोबर आला नाही, कोविडबरोबर गेलाही नाही. कोविडच्या आधीही भारतात त्याचं प्रमाण जगाच्या सुमारे सत्तर पट असावं असा तज्ज्ञांचा अंदाज होता. कारण एकच, न सांभाळलेला मधुमेह. तो आजही घरोघरी आहे.

गावाहून आलेला फोन

म्हणून शेवटची गोष्ट तुमच्या नाकाची नाही. आई-बाबांच्या नाकाची.

आपल्यातले कितीतरी जण मुंबई-पुण्यात, आणि आई-बाबा मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनला. बाबांची साखर अडीचशे, औषध ‘आठवेल तेव्हा’. रविवारी फोन येतो. नारळ किती निघाले, मांजरीला पिल्लं झाली, आणि जाता जाता, ‘दोन दिवस एका बाजूचा गाल बधिर वाटतोय रे, दात दुखत असेल.’ आपण लॅपटॉपवर एक डोळा ठेवून म्हणतो, ‘वाफ घ्या बाबा. बरं वाटेल.’

इथे थांबा. लॅपटॉप बंद करा. चार प्रश्न विचारा. दुखणं किंवा बधिरपणा एकाच बाजूला आहे का? डोळा सुजलाय, पापणी पडलीय, एकाचे दोन दिसतात का? नाकातून काळपट किंवा रक्ताळ काही येतंय का? टाळूवर काळा डाग आहे का, वरचे दात हलतायत का? मधुमेह असलेल्या माणसाने यातल्या एकाला जरी ‘हो’ म्हटलं, तर ती त्याच दिवशीची इमर्जन्सी. श्रीवर्धनहून मुंबईचं मोठं रुग्णालय गाठायला चार-पाच तास जातात. ते तास सोमवारच्या मीटिंगनंतर सुरू व्हायला नकोत. कारण लवकर पकडलेला म्युकर नाकातच थांबवता येतो. उशिरा पकडलेल्याचा हिशेब डोळ्याने द्यावा लागतो.

आणि वाफ? वाफेने बरं वाटतं, माल सैल होतो. पण वाफेने बुरशी मरत नाही.

फ्रिजवर लावून ठेवा

• सर्दी पहिले दहा दिवस : सलाइनने धुणं, गरम पाणी, झोप. अँटिबायोटिक नाही.

• बंद नाकाचे थेंब : पाच दिवसांच्या पुढे नाही.

• दहा दिवसांनीही बरं नाही, किंवा बरं होऊन उलटलं : डॉक्टर.

• बारा आठवडे नाक बंद, वास गेलेला : कान-नाक-घसा तज्ज्ञ, बहुधा दुर्बीण आणि सीटी स्कॅन.

• एकाच बाजूचं रक्त, वास किंवा पू : दाखवायचंच. दाढही तपासायची.

• नेतीचं पाणी : उकळून गार केलेलं. दर वेळी.

• डोळ्याभोवती सूज, दिसण्यात फरक, मान आखडणं, कमालीची डोकेदुखी, भ्रम : वय काहीही असो, लगेच रुग्णालय.

• घरात मधुमेह : साखरेचा शेवटचा आकडा तुम्हाला पाठ हवा. सॅलरीचा असतो ना, तसा!

‘मी काय अलिबागहून आलोय का?’ असं आपण सहज म्हणतो. या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिकासुद्धा गेली होती. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असं सांगून न्यायालयाने ती फेटाळली. आमचं म्हणणं वेगळंच आहे. नाक बिचारं शहाणंच असतं. ते वेळेवर सांगतं, नेमकं सांगतं, कुठल्या बाजूला ते सुद्धा सांगतं. ऐकून न घेणारे आपण! पुढच्या शुक्रवारी फेरीत चढाल तेव्हा वारा भरपूर खा. आणि त्याआधी, मांडव्याला रेंज जायच्या आत, बाबांना फोन लावून साखर किती ते विचारा.